आजोबांची नवी कोरी रायफल

बंदूक जुनी व्हायला पन्नास-साठ वर्षं तरी लागतात. आबासाहेबांना ती दसऱ्यापर्यंत जुनी करून हवी होती.

सोलापुरात विजापूर वेशीत कासीमचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, आत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उंबऱ्यावर टेकायचं. पण भिंतीवर काचेच्या चौकटीत बंदूक दुरुस्तीचा सरकारी परवाना लटकत होता. तो कासीमच्या बापानं, इमामसाबनं, मिळवलेला. बाप गेल्यावर तो आपल्या नावावर करून घ्यायला कासीमनं चार वर्षं कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. रोज सकाळी दुकान उघडलं की तो आधी त्या काचेवरून फडकं फिरवायचा, मग बाकीचं सगळं. तो कागद गेला तर उद्यापासून विळ्या-कोयत्यांना धार लावत गल्लीबोळ हिंडावं लागेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आबासाहेब मूळचे वैरागचे. त्यांचा आजा तिथल्या बाजारात बैलांचे दात बघून दलाली करायचा. बाप सोलापुरात आला आणि आबासाहेबांनी शेंगातेलाची गिरणी काढली. गिरणीचा जम बसेपर्यंत ते नुसते आबा होते. मग सात रस्त्याला बंगला झाला, दारात जीप उभी राहिली, आणि आबाच्या मागं साहेब कधी येऊन बसला ते लोकांना कळलंही नाही. आता एकाच गोष्टीची उणीव होती, ती म्हणजे घराणं. ते कुठल्या दुकानात मिळत नव्हतं. मिळत असतं तर आबासाहेबांनी पोत्यानं आणलं असतं.

आणि नेमकी तेव्हाच घराण्याची गरज पडली होती. त्यांच्या मुलीचं नातेपुत्याच्या रावजींच्या मुलाशी जमत आलं होतं. रावजी म्हणजे जुने सरदार. बैठकीत भिंतीवर ढाल, तलवार, मिशीवाल्या पूर्वजांच्या तसबिरी. आबासाहेबांच्या भिंतीवर तेलाच्या गिरणीचं कॅलेंडर होतं. दसऱ्याला रावजी बंगल्यावर येणार होते.

आबासाहेबांचे साडू नैरोबीला रेल्वेत इंजिनिअर होते. ते कायमचे परत आले तेव्हा सामानात एक रायफल घेऊन आले आणि ती रीतसर आबासाहेबांच्या नावावर झाली. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतले गुराखी वापरायचे त्या रायफलीची इटलीत केलेली हुबेहूब नक्कल. घडवल्याचं साल एकोणीसशे त्र्याहत्तर.

आबासाहेबांनी ती सतरंजीत गुंडाळून आणली. कासीमनं सतरंजी उलगडली आणि त्याचे हात जागीच थांबले. आयुष्यभर त्यानं पिकं राखणाऱ्यांच्या गंजक्या बाराबोरी उघडल्या होत्या. ही वस्तूच वेगळी होती. पितळेचं अंग लग्नातल्या नव्या घंगाळासारखं लखलखत होतं, आणि दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड इतकं गुळगुळीत की त्यावरून हात काढवेना. चापाभोवतीची कडी त्यानं पुढं ढकलली, मागं ओढली. खट्, खटाक्. आतले भाग एकमेकांना न घासता आपापल्या जागी बसले. काम नसताना त्यानं ती कडी आणखी दोनदा ओढली.

"लई नामी माल हाय, आबासाहेब. हिला काय करायचं? तेलपाणी?"

"म्हातारी कर."

"काय?"

"ही आमच्या आज्याची हाय," आबासाहेब म्हणाले.

कासीमनं नळीवरची अक्षरं डोळ्यांजवळ धरली. "आज्याची? हितं तर त्र्याहत्तर साल लिवलंय."

"म्हणून तर तुज्याकडं आणली की!"

मग आबासाहेबांनी मागण्या सांगितल्या. पितळ काळवंडलेलं पाहिजे, दस्ता वापरून झिजलेला पाहिजे. एका अंगाला चांदीचा पत्रा आणि त्यावर झेप घेणारा वाघ. दस्त्यावर खाचा, जितके वाघ मारले तितक्या.

"किती मारले?"

"किती बरे दिसतील?"

"आपल्या मुलखात बाभळी आन करडई," कासीम म्हणाला. "करडईत वाघ एक बी लई झाला."

"सात घाल," आबासाहेब म्हणाले. "आन त्यो नंबर दिसतोय न्हवं, त्यो कानशीनं पुसून टाक."

कासीमनं रायफल खाली ठेवली. बापानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. बंदुकीचा नंबर हे तिचं नाव असतं, त्याला कानस लावायची नाही. लावलीस तर आधी परवाना जाईल आणि पाठोपाठ तू आत जाशील. दुसरी गोष्ट अशी की जे काम करशील ते धन्याला दिसणार नाही अशा जागी, आतल्या अंगाला, तारखेसकट कोरून ठेव. घड्याळवाले झाकणाच्या आत कोरतात तसं. पुढच्या कारागिराला कळलं पाहिजे, आधी कुणी काय करून ठेवलंय.

"नंबर पुसायचा न्हाय," तो म्हणाला. "पायजे तर झाकतो. वाघाचा पत्रा त्याच्यावरच बसवतो, दोन स्क्रूवर. नळीवरच्या अक्षरांवर चांदीचं कडं घालतो."

"पर कुणाला बोलायचं न्हाय. शब्द दे."

कासीमनं शब्द दिला. शब्द द्यायला काही लागत नाही असं तेव्हा त्याला वाटलं.

पंधरा दिवस तो त्या रायफलीच्या मागं होता. पितळ नवसागरानं काळं केलं. दस्त्याला काथाचं पाणी पाजलं, मग किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्यावर ठोके दिले. पहिला ठोका देताना त्याला फार वाईट वाटलं. कुणीतरी परदेशात बसून इतकं निगुतीनं घडवलं, आणि आपण त्याचं तोंड काळं करतोय.

त्याची बायको अनवरी डबा घेऊन आली, तिनं ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अच्छी-भली नवी चीज बिगाडरे तुमे. गुनाह नै क्या?"

"बडे लोगां के शौक हैं," कासीम म्हणाला. "अपन को काम से मतलब."

सातवी खाच घालून झाल्यावर त्यानं चांदीचा पत्रा उलटा धरला आणि टोकदार सळईनं आतल्या अंगाला बापाच्या रिवाजाप्रमाणं कोरलं. चौथी पास झाल्याचा तेवढाच उपयोग. मग पत्रा बसवला, स्क्रू पिळले, आणि रायफल सत्तर-ऐंशी वर्षांची झाली.

दसऱ्याला आबासाहेबांच्या बंगल्यात पाटावर तांबडं कापड, कापडावर रायफल, रायफलीवर झेंडूचे हार. एरवी त्या पाटावर गिरणीतले लोखंडी पाने आणि तागडी पुजत असत. या साली ती जोत्याखाली, चपलांच्या शेजारी मांडली होती. खरं म्हणजे घराला पोसणारी शस्त्रं तीच, पण त्यांच्याकडं बघून कोण सरदार म्हणणार!

आबासाहेबांनी आलेल्या माणसांना गोष्ट सांगितली. आजोबांनी हिच्यानं सात वाघ लोळवले. अठराशे शहाण्णव साली महाराजांनी भर दरबारात ही बक्षीस दिली. महाराज कुठल्या संस्थानचे, ते आबासाहेबांनी सकाळपासून दोनदा बदललं होतं. पण ऐकणाऱ्यांना पेढे मिळाले होते, त्यामुळं कुणी हरकत घेतली नाही.

कासीम मागं उभा होता. काम कसं दिसतंय ते बघायला आला होता, तेवढंच. आबासाहेबांनी त्याला बोट दाखवून पुढं बोलावलं.

"ह्यो कासीम. ह्याच्या आज्यानं, बापानं, तीन पिढ्या हिची निगा राखली. व्हय का न्हाय रे?"

एकानं कासीमच्या खांद्यावर शाल टाकली, दुसऱ्यानं हातात नारळ दिला. सगळी माणसं त्याच्याकडं बघत होती. आजवर अशा बंगल्यात त्याला कुणी आत बोलावलं नव्हतं, अंगावर शाल तर दूरच. कासीमनं मान हलवली.

रावजी उठून पुढं आले. उंच, वाळके, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी रायफल हातात घेतली, सातही खाचांवरून अंगठा फिरवला, वाघावर नखानं टिचकी मारली.

"चांदीचं काम नामी हाय. कुणाचं?"

"जुनं हाय, साहेब," कासीम म्हणाला.

रावजींनी कासीमच्या हाताकडं बघितलं. नवसागरानं काळी पडलेली बोटं अजून उजळली नव्हती. मग त्यांनी रायफल पाटावर ठेवली आणि पेढा घेतला.

चार दिवसांनी गावच्या पेपरात फोटो आला. वर मोठ्या अक्षरांत 'सात वाघांची रायफल'. खाली आजोबा, महाराज, अठराशे शहाण्णव, आणि शेवटी, 'वंशपरंपरागत कारागीर श्री. कासीम इमामसाब यांनी यास दुजोरा दिला.' कासीमनं ते कात्रण अनवरीला दाखवलं. तिनं विचारलं, दुजोरा म्हणजे क्या? तो म्हणाला, मान हलवणं.

जानेवारीत निवडणुका जाहीर झाल्या आणि नेहमीचा हुकूम निघाला, परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करा. आबासाहेबांनी त्याचाही समारंभ केला. साखरपुड्याची तारीख ठरवायला रावजी आले होते, त्यांना जीपमध्ये घालून बरोबर नेलं. पोलीस ठाण्यात आपण रांगेत उभं राहत नाही, थेट आत जातो, हे व्याह्यांना दिसावं म्हणून.

ते थेट आत गेले. पुढं जे झालं ते कासीमला मागाहून कळलं, ते असं.

फौजदार सोमलिंग हत्तुरे नवे होते आणि त्यांना कागद वाचायची खोड होती. त्यांनी परवाना वाचला. मग रायफल उलटीपालटी केली.

"हिच्यावर नंबर नाही."

"त्या काळी नंबर नसायचे," आबासाहेब हसून म्हणाले. "माणूस बघून बंदूक द्यायचे."

"बरोबर. पेपरात वाचलं मी." हत्तुऱ्यांनी टेबलाच्या खणातून कात्रण काढलं. "परवान्यावरची रायफल इटलीची आहे, साल त्र्याहत्तर, तिला नंबर आहे. ही अठराशे शहाण्णवची, तुमच्या आजोबांची. म्हणजे रायफली दोन झाल्या. आजोबांच्या रायफलीला परवाना नाही, आणि परवान्याची रायफल तुम्ही आणलेली नाही. ती कुठे आहे?"

शेजारी रावजी बशीतून चहा पीत होते. खरं बोलावं तर आजोबा पुन्हा वैरागच्या बाजारात बैलांचे दात बघायला जाऊन बसणार. खोटं रेटावं तर बेड्या.  मग आबासाहेबांना वाट सुचली, आणि ज्याला आपल्या पोटाची काळजी पडते त्याला जशी दुसऱ्याच्या दारातून जाणारी वाट सुचते, तशीच ती होती.

"ती व्हय?" ते म्हणाले. "ती दुरुस्तीला दिलीया. कासीमकडं."

अर्ध्या तासात दोन शिपाई विजापूर वेशीत आले. त्यांनी दुकान उलथंपालथं केलं, पेट्या उघडल्या, लाकडाचा भुसा उकरला. रायफल सापडली नाही, कारण ती नव्हतीच. शिपायांनी कासीमची नोंदवही घेतली आणि जाता जाता भिंतीवरची चौकटही उतरवली. जिथं परवाना होता तिथं भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला.  कासीमनं खिशात हात घातला. कामाचा छोटा स्क्रू ड्रायव्हर तेवढा होता. शिपायांनी त्यालाही बरोबर नेलं.

ठाण्यात हत्तुऱ्यांच्या टेबलावर एका बाजूला रायफल आणि दुसऱ्या बाजूला बापाचा परवाना पालथा पडला होता.

"कासीमभाई, यांची इटलीची रायफल तुमच्याकडे दुरुस्तीला आहे?"

"न्हाय साहेब. एक आली हुती, एक परत गेली. वहीत हाय."

"वही काय, त्यो लिहील तशी!" आबासाहेब ओरडले. आणि मग एकदम मऊ होऊन म्हणाले, "फौजदारसाहेब, दोन मिनिटं मी त्याला समजावतो. गरीब माणूस हाय, घाबरलाय."

त्यांनी कासीमचं मनगट धरून त्याला व्हरांड्यात आणलं.

"असं कर," ते कुजबुजले. "म्हण, माज्याकडं हुती, चोरीला गेली. दोन म्हैने आत बसशील, जास्त न्हाय. वकील मी देतो. तुज्या घरी तेलाचा डबा, जवारीचं पोतं, सगळं पोचंल."

"आन परवाना?"

"परवान्याचं काय घिऊन बसलास! गिरणीवर वॉचमन म्हणून घेतो की तुला."

"वॉचमनला बंदूक देणार?"

"दांडकं दीन," आबासाहेब म्हणाले.

ते हे मनापासून म्हणाले. आपण उपकार करतोय असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि कासीमला संताप आला तो त्या चेहऱ्याचा. तीन पिढ्यांची खोटी निगा त्यानं एका शालीवर कबूल केली होती. बापानं खरोखर मिळवलेला एकुलता एक कागद हा माणूस दांडक्यावर मागत होता. दिलेला शब्द त्याला आठवला. पण असल्या माणसाला दिलेला शब्द सांभाळून अनवरीच्या पोरांनी खायचं काय? मनगट सोडवून घेऊन तो आत गेला.

"साहेब, दुसरी बंदूक सापडली."

हत्तुऱ्यांनी मान वर केली. "कुठे आहे?"

"हिच्यातच हाय."

"कासीम!" आबासाहेब दारातून ओरडले. "शब्द दिलायस तू!"

कासीमनं खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला. पहिला स्क्रू निघाला, दुसरा जरा अडला. मग वाघ सुटून टेबलावर उताणा पडला. पत्र्याखाली जपून राहिलेलं पितळ पहिल्या दिवसासारखं पिवळंजर्द होतं, आणि त्यावर नंबर, परवान्यावर होता तोच, एकही आकडा न दुखावलेला. कासीमनं नळीवरचं कडं सरकवलं. खाली इटली होती.

हत्तुऱ्यांनी आकडे दोनदा ताडून बघितले. मग उताण्या वाघाच्या पोटावरची बारीक अक्षरं त्यांना दिसली. चष्मा लावून त्यांनी ती मोठ्यानं वाचली, कारण पंचनाम्याच्या कामी सगळं मोठ्यानं वाचायची त्यांची पद्धत होती.

"'रायफल एकोणीसशे त्र्याहत्तरची. आबासाहेबांच्या सांगण्यावरून म्हातारी केली. नंबर खाली शाबूत. वाघ सात, सगळे माझ्या हातचे. कासीम इमामसाब, सप्टेंबर शहात्तर.'"

कोपऱ्यातला शिपाई खोकायला लागला आणि बाहेर निघून गेला. रावजींनी बशी खाली ठेवली. ते अजिबात हसले नाहीत.

"रायफल एकच आहे, तर गुन्हा नाही," हत्तुरे म्हणाले. "पण आजोबांच्या बिनपरवाना बंदुकीचं पेपरात छापून आलंय, ते मला मिटवलं पाहिजे. तुम्ही लेखी द्या." त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला आणि सांगत गेले. मजकूर एवढाच होता की माझ्या आजोबांकडे कधीही कोणतीही बंदूक नव्हती, त्यांनी कोणताही वाघ मारलेला नाही, आणि त्यांना कोणत्याही महाराजांनी काहीही दिलेलं नाही. आबासाहेबांनी ते लिहिलं. 

"आजोबांचा व्यवसाय?"

आबासाहेबांनी रावजींकडं बघितलं, मग कागदाकडं. "दलाली," ते पुटपुटले.

"कशाची?"

"बैलांची."

"ते पण लिहा," हत्तुरे म्हणाले.

कासीमला परवाना परत मिळाला. देताना हत्तुरे म्हणाले, "कासीमभाई, पुन्हा नंबर झाकू नका. आणि कुणी विचारलं की लगेच मान हलवू नका." कासीमनं सवयीनं मान हलवली, मग लाजला. व्हरांड्यात आबासाहेबांनी त्याला गाठून सांगितलं की तू आमच्या घराण्याचं नाक कापलंस. कासीम म्हणाला, नाक बी मीच बशिवलं हुतं, मालक. आणि चौकट छातीशी धरून तो चालत वेशीकडं गेला.

आठ दिवसांनी एक जीप दुकानासमोर थांबली. रावजी एकटेच उतरले. काखेत धोतरात गुंडाळलेलं काहीतरी लांबोडकं होतं. ते उंबऱ्यावर टेकले, इकडंतिकडं बघितलं, आणि धोतर उलगडलं.

"आमची घराण्याची तलवार हाय," ते म्हणाले. "मुठीपाशी जरा बघ."

कासीमनं बघितलं. मुठीजवळ पात्यावर ठसा होता, घासून घासून अर्धा गेलेला, तरी वाचता येत होता. 'नाटकाचे सामान भाड्याने मिळेल. बार्शी.'

कासीमनं ठसा उजेडाकडं धरला. "म्हंजे ही परत करायची ऱ्हायली व्हय?"

"आमच्या थोरल्या चुलत्यांना नाटकाचा नाद हुता," रावजी शांतपणे म्हणाले. "पुढच्या म्हैन्यात साखरपुडा हाय. पाव्हणे बैठकीत बसणार."

"म्हंजे सोयरीक मोडली न्हाय?"

"मोडायची कशाला? माणूस आपल्यातलाच निगाला. आन गिरणी चांगली चालतीया." रावजींनी ठशावर अंगठा ठेवला. "ह्याच्यावर तुजा एखादा चांदीचा पत्रा बशीव. वाघ नको, सूर्य काढ. फकस्त आतनं काय लिवू नगंस."

कासीमनं तलवार हातात तोलून बघितली. हलकी होती, पात्यात दम नव्हता. मग त्यानं भिंतीवर पुन्हा चढलेल्या चौकटीकडं बघितलं. काच त्यानं सकाळीच पुसली होती.

"बशिवतो," तो म्हणाला. "पर लिवणार. बापाची शिकवण हाय. जमत नसंल तर दुसरीकडं न्ह्या."

 जिल्ह्यात दुसरीकडं न्यायला कुणी नव्हतं, हे रावजींना ठाऊक होतं, आणि कासीमलाही. शेवटी त्यांनी धोतराची घडी घातली आणि उठताना आवाज खाली आणून म्हणाले,

"लिव. पर बारीक लिव."